छातीतल्या उभ्या रेघा

गुरुजींना धाप लागते आहे, हे आम्हाला भिंतीपलीकडून कळलं.

बनारसला मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत त्यांचं घर आणि आमचं घर एकाच भिंतीला टेकून होतं. गुरुजी वेद शिकवायचे. आमच्याकडे सकाळचा चहा उकळायचा तेव्हा पलीकडे संथा सुरू झालेली असायची. गुरुजी एकदा म्हणत, विद्यार्थी त्यांच्यामागून दोनदा म्हणत. लहानपणापासून ऐकत आल्यामुळे अर्थ कळत नसला तरी त्यातली लय माझ्या अंगवळणी पडली होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हाच्या एका थंडीत ती लय अडखळायला लागली. गुरुजी ओळीच्या मध्येच थांबायचे आणि विद्यार्थी, आता आपण म्हणायचं की नाही, हे न कळून गप्प बसायचे.

"आज पण थांबले," वडील म्हणाले. ते बँकेत नोकरीला होते आणि त्यांचा सकाळचा चहा त्या आवाजाबरोबर ठरलेला असे. "तू एकदा बघून का येत नाहीस?"

मी तेव्हा नुकतीच एम.डी. होऊन शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात लागले होते. पण ज्यांनी माझ्या धाकट्या भावाची मुंज लावली, ज्यांच्यासमोर आम्ही आवाज चढवून बोललो नाही, त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावायला आपण होऊन कसं जायचं? माझा तो संकोच गुरुजींच्या पत्नीने, काकूंनीच सोडवला. एका दुपारी वाटीत आवळ्याचा मुरंबा घेऊन त्या आल्या आणि वाटी ठेवल्या ठेवल्या म्हणाल्या, "अगं, हे रात्रभर तखतावर बसून असतात. आडवे झाले की खांसी सुरू. मी विचारलं तर म्हणतात, धूर आहे."

"कसला धूर?"

"होमाचा. जन्मभर धूर खाल्लाय, आता तो बाहेर पडतोय म्हणतात."

धुराचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. चाळीसेक वर्षं होमकुंडासमोर बसलेल्या माणसाच्या फुफ्फुसांत त्याची खूण राहतेच. पण गुरुजींना रक्तदाबाचा जुना त्रास होता, आणि मोठ्या इस्पितळात केलेल्या तपासणीत हृदय फुगलेलं आणि त्याचा जोर कमी झालेला दिसला होता. हृदय रक्त पुढे ढकलायला कमी पडलं की ते मागे तुंबतं, आणि त्यातलं पाणी फुफ्फुसांत झिरपतं. मग माणूस आडवा झाला की गुदमरतो. म्हणजे गुरुजींची धाप धुराचीही असू शकत होती आणि पाण्याचीही, आणि दोन्हींची औषधं अगदी वेगळी होती.

हे ओळखायचं कसं, इथे आमचं घोडं अडत होतं. स्टेथोस्कोपातून त्यांच्या पाठीत खालच्या बाजूला बारीक करकर ऐकू यायची, पण ती धुराने खराब झालेल्या फुफ्फुसांतही येते. पायांवर सूज होती, पण रोज कितीतरी वेळ मांडी घालून बसणाऱ्याचे पाय सुजणारच, असं ते स्वतः म्हणत. मान जाड आणि आखूड होती, त्यामुळे गळ्याची शीर फुगली आहे की नाही हे नीट दिसत नसे. एक्स-रे काढला तर तोही धूसर निघाला.

आमच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर म्हणजे शांत, अनुभवी गृहस्थ. त्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "आधा दिल है, आधा धुआँ. दोनों का इलाज चलाओ." त्याप्रमाणे दम्याचा पंपही सुरू झाला आणि लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी उतरावं म्हणून सकाळी घ्यायची एक गोळीही.

थोडे दिवस बरं वाटलं. मग पुन्हा तेच. पंप वाढवला, पुन्हा थोडं बरं, पुन्हा धाप. दर वेळी मी विचारायचे, "गुरुजी, गोळी घेता ना?" दर वेळी ते मान हलवत म्हणायचे, "घेतो, घेतो."

होळीच्या आधी एकदा त्यांची तब्येत इतकी बिघडली की विद्यार्थ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून गल्लीतून रस्त्यापर्यंत उचलून आणलं. आमच्या गल्ल्यांत रिक्षा शिरत नाही. मी दवाखान्यातच होते. त्यांचे ओठ काळसर पडले होते आणि दोन शब्दांच्या मध्ये त्यांना श्वास घ्यावा लागत होता. ऑक्सिजन लावला, शिरेतून इंजेक्शन दिलं. थोडे सावरले तसे मोठे डॉक्टर मला म्हणाले, फुफ्फुसाच्या बाहेर, छातीच्या पोकळीत पाणी साठलंय का, ते सोनोग्राफीत बघून घ्या. साठलं असेल तर सुईने काढता येईल.

आमच्या दवाखान्यात एसी असलेली ती एकच खोली होती. एसी माणसांसाठी नव्हता, मशीनसाठी होता. तिथले सोनोग्राफीचे डॉक्टर त्यामुळे भर उन्हाळ्यातही बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसत. साठीला टेकलेले, अस्सल बनारसी, मुन्शी घाटाजवळ राहणारे. गर्भवती बायका आणि पित्ताशयातले खडे पाहण्यात त्यांचा सगळा दिवस जायचा. छाती पाहायला त्यांच्याकडे कधीतरीच कुणी यायचं, कारण फुफ्फुसात हवा असते आणि हवेतून सोनोग्राफीला काही दिसत नाही, असंच आम्ही सगळे शिकलो होतो.

गुरुजींनी जानवं माळेसारखं गळ्यात घेतलं आणि डॉक्टरांनी छातीवर जेली लावण्याआधी हात आडवा धरला. "यात काय असतं?"

"पाणीच असतं गुरुजी, घट्ट केलेलं," मी म्हटलं.

"कुणाची चरबी वगैरे नाही ना?"

मी ते हिंदीत सांगितलं तसे डॉक्टर हसले. म्हणाले, "महाराज, इतनी शुद्ध चीज़ तो हमारे घर में भी नहीं है."

पोकळीत पाणी असेल तर ते पडद्यावर काळं दिसतं. तसं काही नव्हतं. डॉक्टर छातीवर टेकवलेला मशीनचा हात, म्हणजे प्रोब, उचलणार तेवढ्यात मी म्हटलं, "सर, हे काय आहे?" बरगड्यांच्या मधून पडद्याच्या वरून थेट खालपर्यंत पांढऱ्या, लखलखीत उभ्या रेघा उतरत होत्या. गुरुजी श्वास घेत तशा त्या डावी-उजवीकडे सरकत. एकेका जागी त्या इतक्या दाट होत्या की एकमेकींत मिसळून गेल्या होत्या.

"कुछ नहीं. कचरा है. हवा है तो ऐसा ही दिखता है," ते म्हणाले.

"सगळ्यांचंच असं दिसतं?"

ते थांबले. माणूस मोठा प्रामाणिक. म्हणाले, "सच बताऊँ, कभी ध्यान से देखा नहीं." मग त्यांनी स्वेटर आणि शर्ट वर केला, स्वतःच्या बरगडीवर जेली लावली आणि मशीनचा हात तिथे टेकवला. आम्ही तिघं पडद्याकडे बघत होतो, गुरुजीसुद्धा, कोपरावर उठून. डॉक्टरांच्या छातीत एकही उभी रेघ नव्हती. नुसत्या आडव्या फिकट रेषा होत्या, एकीखाली एक, तळ्याच्या पायऱ्यांसारख्या. त्यांनी दुसरी बाजू पाहिली. तिथेही तेच.

"तो कचरा नहीं है," ते स्वतःशीच म्हणाले.

ते काय आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. जगात कुणी त्याकडे पाहत असेल, तर आमच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. मी एवढंच ठरवलं की गुरुजी बरे होत असताना पुन्हा बघायचं. इंजेक्शनं चालू होती, लघवी भरपूर होत होती. दोन दिवसांनी त्यांना आडवं होता आलं तेव्हा मी त्यांना पुन्हा त्या थंड खोलीत नेलं. रेघा विरळ झाल्या होत्या. घरी सोडायच्या दिवशी पाहिलं तर पाठीच्या खालच्या भागात तेवढ्या थोड्या उरल्या होत्या. बाकी सगळीकडे आडव्या रेषा.

मला फार आनंद झाला होता. मी ते धावत जाऊन मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका रोग्यावरून काही ठरत नसतं." हिंदीतच म्हणाले, पण मला ते अजूनही मराठीतच आठवतं, कारण माझे वडील अगदी त्याच सुरात बोलत. त्यांचं खरंच होतं. धुराने कायमच्या आखडलेल्या फुफ्फुसातही तशाच रेघा दिसतात, हे पुढे मी स्वतः इतर रोग्यांत पाहिलं. पण धुराचा व्रण औषधाने असा थोड्या दिवसांत पुसला जात नाही. गुरुजींच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या. म्हणजे त्या बहुतेक पाण्याच्या होत्या. त्यांची धाप, निदान बरीचशी, हृदयाची होती.

पंप बंद झाला. लघवीची गोळी वाढवून दिली. मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हा काकूंनी लोणच्याची बरणी सरळ आमच्या घरी आणून ठेवली.

आणि तरीही चैत्र संपता संपता गुरुजी पुन्हा तखतावर बसून राहू लागले.

या वेळी मी त्यांना तब्येत ढासळायच्या आधीच घेऊन गेले. सोनोग्राफीचे डॉक्टर आता त्यांची वाटच पाहत असत. त्यांनी या रेघांचं नाव 'बारिश' ठेवलं होतं. मशीनचा हात टेकवला आणि ते म्हणाले, "फिर बारिश."

"गुरुजी, गोळी घेता ना?" मी विचारलं.

"घेतो."

एरवी मी गप्प बसले असते. त्या दिवशी मी पडद्याची मान वळवली आणि तो त्यांच्याकडे फिरवला. "हे बघा. घरी गेलात त्या दिवशी हे असं नव्हतं."

गुरुजी पडद्याकडे पाहत राहिले. ज्या माणसाला एका स्वराची चूक दहा मुलांच्या आवाजातून ऐकू येते, त्याला दोन चित्रांमधला फरक समजावून सांगावा लागला नाही. त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि त्या श्वासाबरोबर रेघा सरकल्या, तेही त्यांनी पाहिलं.

"हे पाणी?"

"पाणीच असावं."

"आणि गोळीने हे जातं?"

"मागच्या वेळी गेलं."

त्यांनी जानवं सारखं केलं आणि डॉक्टरांकडे एकदा पाहिलं. डॉक्टर समजून बाहेर गेले. मग गुरुजी म्हणाले, "पाठाच्या दिवशी घेत नाही मी."

"पाठाच्या दिवशी म्हणजे?"

"म्हणजे जवळजवळ रोजच गं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी गोळी घेतली की पुढचे दोन-तीन तास त्यांना सारखं उठावं लागे. उठलं की हातपाय धुणं आलं, आचमन आलं, आणि पारायण असलं तर अध्यायाच्या मध्ये उठणं म्हणजे तो अध्याय पहिल्यापासून. विद्यार्थी ताटकळत बसत. अहिल्याबाई घाटावर एका यजमानाच्या अनुष्ठानात तर त्यांना भर मंडपातून उठून घाई करावी लागली होती आणि सगळ्यांनी वळून पाहिलं होतं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्याच्या मागे ठेवून दिली.

"तुला खोटं सांगत होतो," ते म्हणाले. "काकूलाही. वाईट वाटायचं. पण आसनावरून उठायचं की जगायचं, असा प्रश्न कुणी विचारला तर मी काय सांगणार होतो? विचारलं नाही कुणी, हेच बरं होतं."

मला हसू यायला हवं होतं की रडू, ते कळेना. मी म्हटलं, "गुरुजी, पाठ किती वाजता संपतो?"

"दहाला. पारायण असलं की बाराला."

"मग गोळी बारानंतर घ्या."

"चालतं?"

"रोज तेवढीच पोटात गेल्याशी मतलब. सकाळीच असं काही नाही. दुपारी जेवण करून घ्या, दुपारभर घरीच असता."

"डॉक्टरांनी सकाळी लिहिलं होतं."

"सगळ्यांना सकाळीच लिहितात. रात्री उठायला लागू नये म्हणून."

मोठ्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "दोपहर में ले लें, क्या दिक्कत है?" आणि मग स्वतःशीच, "इतने महीने हमने पूछा क्यों नहीं?"

त्या दिवसापासून गुरुजींची दुपार ठरली. जेवण, गोळी, आणि मग संध्याकाळपर्यंत बाहेर जायचं नाही. कुणी भेटायला आलं तर काकू दारातूनच सांगत, "आत्ता नाही, चारनंतर या." महिन्या-दीड महिन्याने मी त्यांना त्या थंड खोलीत नेत असे. कधी आकाश कोरडं, कधी थोडी बारिश. बारिश दिसली की गोळी काही दिवस वाढवायची, धाप लागायची वाट पाहायची नाही. पुढची दोन वर्षं त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं नाही. काकू एकदा आईला म्हणाल्या, "मला आता घोरणं ऐकू येतं गं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी उठून बसले, काय झालं म्हणून."

हृदय मात्र सुधारणारं नव्हतं. त्याचा जोर हळूहळू कमीच होत होता, आणि ते आम्ही त्यांच्यापासून लपवलं नाही. गुरुजींनी त्यातून आपल्या पद्धतीने वाट काढली. ज्या ओळी एका श्वासात म्हणायला लागतात त्या त्यांनी एका मोठ्या विद्यार्थ्याकडे सोपवल्या आणि स्वतः समोर डोळे मिटून बसू लागले. भिंतीपलीकडून आम्हाला आता दुसराच आवाज येऊ लागला, जरा पातळ, घाईचा. मधेच गुरुजींचा एक शब्द येई, चूक दाखवणारा. वडिलांना तो नवा आवाज आवडत नसे. मी गुरुजींना विचारलं, त्रास होतो का, दुसऱ्याने म्हटलेलं ऐकायला?

"होतो," ते म्हणाले. "पण इतकी वर्षं मी म्हणतच होतो. ऐकलं कधी नव्हतं. परवा एक जागा ऐकली आणि वाटलं, अरे, हे इतकं सुंदर आहे होय."

सोनोग्राफीचे डॉक्टर त्यानंतरच्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरला फुफ्फुसं बघण्यात रस नव्हता आणि त्याच्याकडे वेळही नव्हता. दोन रोग्यांच्या मधल्या फटीत मी स्वतःच मशीनचा हात धरायला शिकले. बऱ्याच वर्षांनी मला कळलं की त्याच सुमाराला दूरदूरच्या देशांतही काही डॉक्टर त्या रेघांकडे बघत होते, आणि आता तर हृदयाच्या रोग्याच्या फुफ्फुसांत पाणी आहे का, हे बघायला खाटेपाशीच सोनोग्राफी करतात. मी निवृत्त डॉक्टरांना ते फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "हमने तो अपने पेट पर देखा था." मी म्हटलं, छातीवर, सर. ते म्हणाले, "हमारी छाती और पेट में अब फ़र्क कहाँ है."

गुरुजी गेले ते एका ज्येष्ठात, उन्हाळ्याच्या तापात. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी त्यांना पाणी पाजलं, त्यांनी कूस वळवली आणि संपलं. मी गेले तेव्हा ते उशी एकच घेऊन आडवे होते. डॉक्टर म्हणून मी त्यांची नाडी पाहिली, मग खाली बसून त्यांच्या पायांना हात लावला. घोट्यांवर सूज नव्हती. असल्या वेळी हे काय बघतेस, असं माझं मलाच वाटलं, पण डोळे तिकडे गेले खरे.

काकूंची मुलगी पुण्याला दिली होती. ती आली आणि आईला घेऊन जायचं म्हणाली. काकू जन्मल्या बनारसला, लग्न होऊन पाच गल्ल्या सोडून राहायला आल्या, बनारसच्या बाहेर त्या फारशा गेल्याच नव्हत्या. जायच्या आदल्या दिवशी त्या आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. त्यांना घराची काळजी नव्हती, सामानाचीही नव्हती.

"मला सांग," त्या हळूच म्हणाल्या, "आमची मराठी ऐकून पुण्याचे लोक हसतील का गं? आम्ही 'खिडकी उघड'च्या जागी 'खिडकी खोल' म्हणतो."

"हसले तर हसू द्या," आई म्हणाली.

पुण्याहून काकूंचा फोन आला तो दिवाळीला. आवाज खणखणीत होता. त्या म्हणाल्या, सोसायटीतल्या बायका हसत नाहीत, पण विचारतात, तुमचं मूळ गाव कुठलं. आजोबांच्याही आधी कधीतरी कोकणातून कुणीतरी काशीला आलं, एवढंच त्यांना माहीत होतं. गावाचं नाव कुणाला आठवत नव्हतं.

"मग काय सांगता?" मी विचारलं.

"मंगला गौरी सांगते," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटतं रत्नागिरीकडे आहे."